संगीतात आयुष्य कुठून शिरतं

मोझार्टने १७८४ पासून स्वतःच्या रचनांची एक वही ठेवली होती. रचना पुरी झाली की तिची तारीख, वाद्यं आणि सुरुवातीचे थोडे स्वर तो त्यात टिपून ठेवी. १७८८ च्या उन्हाळ्यातल्या तीन नोंदी अशा आहेत : २६ जून, ई-फ्लॅट मेजरमधली सिंफनी, २५ जुलै, जी मायनरमधली सिंफनी, १० ऑगस्ट, सी मेजरमधली सिंफनी. जग त्यांना आज ३९, ४० आणि ४१ या क्रमांकांनी ओळखतं. त्याच्या या अखेरच्या तीन सिंफनी सात आठवड्यांच्या आत वहीत उतरल्या. त्याच उन्हाळ्यात तो मिखाएल पुखबेर्ग या मित्राला पत्रांमागून पत्रं लिहून उसने पैसे मागत होता आणि २९ जूनला त्याची सहा महिन्यांची मुलगी तेरेझिया दगावली.

हे वाचल्यावर मन लगेच हिशेब मांडतं. लेकरू गेलं, डोक्यावर कर्ज, म्हणून जी मायनरची ती व्याकूळ सिंफनी. कित्येक चरित्रांत, कार्यक्रमपत्रिकांत आणि चित्रपटांत हाच हिशेब मांडलेला असतो. पण तो पुढच्याच नोंदीपाशी फसतो. जी मायनरनंतर अवघ्या सोळा दिवसांनी पुरी झालेली सी मेजरची सिंफनी, जिला पुढे ‘ज्युपिटर’ हे नाव पडलं, ती उजेडाने, ऐश्वर्याने आणि बुद्धीच्या उल्हासाने ओसंडून वाहते. घर तेच, कर्ज तेच, दुःखही तेच. मग ते दुःख एका सिंफनीत उतरलं आणि दुसरीच्या दाराशीच थांबलं, असं मानायचं का?

कलावंताचं आयुष्य त्याच्या संगीतात येतं, याबद्दल मला शंका नाही. ते कोणत्या वाटेने येतं, हा खरा प्रश्न आहे. ते भावनेच्या वाटेने, म्हणजे आज रडला म्हणून आज करुण लिहिलं अशा पद्धतीने येतं, ही समजूत आपण एकोणिसाव्या शतकाकडून घेतली आणि ती अजून सुटलेली नाही. साधारण १७५० ते १८२० या काळातल्या, ज्याला पाश्चात्त्य संगीतात ‘क्लासिकल’ म्हणतात त्या संगीतापुरतं तरी माझं मत वेगळं आहे. इथे आयुष्य संगीतात शिरतं ते रूपबंधाच्या, म्हणजे रचनेच्या घडणीच्या, दारातून. कोणासाठी लिहायचं, कुठे वाजणार, किती वादक मिळणार, ऐकणारा किती जाणता, पैसे कोण देणार, या रोखठोक गोष्टी आधी रूपबंध ठरवतात आणि भावना त्या रूपबंधात घडते.

योझेफ हायडनपासून पाहू. रोहराऊ नावाच्या ऑस्ट्रियन खेड्यात १७३२ साली चाकं बनवणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्स कॅथीड्रलमध्ये बालगायक म्हणून राहिला आणि आवाज फुटल्यावर रस्त्यावर आला. १ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या बड्या हंगेरियन सरदार घराण्याशी त्याने नोकरीचा करार केला. वर्षाला ४०० फ्लोरिन पगार, अंगावर घराण्याचा गणवेश, पांढरे मोजे, केसांना पावडर. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहायचं आणि आज संगीताचा हुकूम आहे का, ते विचारायचं. धनी सांगतील ते लिहायचं. लिहिलेल्याच्या नकला बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कोणासाठी लिहायचं नाही.

आजच्या कानांना ही गुलामी वाटते आणि बऱ्याच अंशी ती तशी होतीही. पण या नोकरीने हायडनच्या संगीतावर जो ठसा उमटवला तो दुःखाचा नाही. पुढे गादीवर आलेला धनी, राजे निकोलाउस, बॅरिटोन नावाचं व्हायोलसारखं, मागे झंकारणाऱ्या जादा तारा असलेलं वाद्य वाजवायचा. म्हणून हायडनने त्या वाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रयी लिहिल्या. वाद्य प्रचारातून गेलं आणि त्याबरोबर त्या रचनाही विस्मृतीत गेल्या. पण याच नोकरीने त्याला सतत हाताशी असलेला वाद्यवृंद दिला. म्हातारपणी त्याने आपल्या चरित्रकाराला सांगितलं, त्याचा आशय असा : वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून मला प्रयोग करता आले, कशाने परिणाम साधतो आणि कशाने उणावतो ते पाहता आलं, भर घालता आली, छाटता आलं, जगापासून तुटलेलो होतो, तेव्हा माझ्यापुढे नवं काही घडवण्यावाचून इलाज नव्हता. सिंफनी आणि स्ट्रिंग क्वार्टेट हे रूपबंध ज्या प्रयोगशाळेत पक्के झाले, ती अशी होती.

१७७२ ची ‘फेअरवेल’ सिंफनी या संदर्भात फार बोलकी आहे. राजेसाहेबांचा एस्टरहाझा इथला उन्हाळी मुक्काम लांबला होता आणि वादकांची कुटुंबं दूर आयझनश्टाटला होती. ती तक्रार हायडनने सिंफनीतून मांडली, अशी त्याच्या चरित्रकारांनी दिलेली हकीकत आहे. या सिंफनीचा शेवटचा खंड वेगात सुरू होतो आणि मध्येच तुटतो. मग एक संथ संगीत येतं. त्यात एकेक वाद्य आपला लहानसा भाग वाजवून गप्प होतं, वादक उठून जातो आणि अखेर दोन व्हायोलिनं तेवढी उरतात. राजेसाहेबांना हा अर्ज कळला, कारण सिंफनीचा शेवट जोरकस आणि वेगवान असतो हे त्यांच्या कानात मुरलेलं होतं. रूपबंध ठाऊक नसलेल्या माणसाला तो नुसता विचित्र शेवट वाटला असता. म्हणजे नोकरांची व्यथा धन्यापर्यंत पोचली ती त्या दोघांनाही येत असलेल्या व्याकरणातून.

१७७९ च्या नव्या करारात बाहेर लिहिण्यावरची बंदी उठली आणि हायडनचे श्रोते बदलले. आता व्हिएन्नाच्या आर्तारियासारखे प्रकाशक त्याचं संगीत छापून विकू लागले. १७८१ मध्ये त्याने ‘ओपस ३३’चे सहा क्वार्टेट लिहिले आणि ते संपूर्णपणे नव्या पद्धतीचे असल्याचं गिऱ्हाइकांना पत्रांतून कळवलं. हे संगीत घरी चार मित्र जमवून वाजवणाऱ्यांसाठी होतं, म्हणून त्यातला विनोदही वाजवणाऱ्यांना उमगेल असा आहे. दुसऱ्या क्वार्टेटचा शेवट पाहा. धून संपत येते, मग तिचे तुकडे पडतात, दर तुकड्यानंतर शांतता. सगळं संपलं असं वाटतं. त्यानंतर लांब विराम येतो आणि मग धुनेचा पहिलाच तुकडा हलक्या आवाजात पुन्हा वाजतो. तिथेच रचना संपते. सुरुवात करणारं वाक्य शेवटाच्या जागी ठेवलंय, हे ज्याला कळतं त्यालाच हसू येतं.

तोच हायडन १७९१ मध्ये लंडनला गेला. राजे निकोलाउस आदल्या वर्षी वारले होते, वारसाने वाद्यवृंद मोडला होता आणि झालोमोन नावाचा व्हायोलिनवादक-आयोजक त्याला इंग्लंडला घेऊन आला होता. इथे हॅनोव्हर स्क्वेअरच्या सभागृहात तिकीट काढून आलेले शेकडो अनोळखी लोक समोर आणि नोकरीच्या सुरुवातीच्या पंधरा-सोळा वादकांच्या जागी चाळीसेक वादकांचा ताफा. दोन दौऱ्यांत मिळून त्याने बारा सिंफनी लिहिल्या. त्यांतल्या अकरांची सुरुवात संथ आणि भारदस्त प्रस्तावनेने होते. कुजबुजणारं, आसनं शोधणारं सभागृह शांत करायचं, कान एकवटायचे आणि मगच मुख्य धून सोडायची. माणूस साठीकडे आलेला, बायकोशी कधी न पटलेला, घरापासून लांब. यातलं काहीच त्या प्रस्तावनांत शोधून सापडत नाही. सापडतं ते सभागृह.

मोझार्टचं आयुष्य याहून उलट्या दिशेने गेलं. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या चाकरीत जेवणाच्या टेबलावर आपल्याला खिदमतगारांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर बसवतात, असं त्याने १७८१ मध्ये वडिलांना संतापून कळवलं. त्याच वर्षी नोकरी सुटली आणि तो व्हिएन्नात स्वतःच्या हिमतीवर राहू लागला. शिकवण्या, प्रकाशन, ऑपेरा आणि वर्गणीदारांसाठीच्या मैफली हे त्याच्या कमाईचे मार्ग. मैफलीत त्याची सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे त्याचं स्वतःचं पियानोवादन. १७८४ च्या मार्चमध्ये त्याने वडिलांना पाठवलेल्या यादीत पावणेदोनशेच्या आसपास वर्गणीदारांची नावं होती. आणि १७८४ ते १७८६ या तीन वर्षांत त्याने बारा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, लिहिले. ११ फेब्रुवारी १७८५ रोजी डी मायनर कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला त्या दिवशी वडील व्हिएन्नातच होते. नकलनवीस अजून पानं उतरवत असल्याने मोझार्टला शेवटचा खंड एकदाही वाजवून पाहायला सवड मिळाली नव्हती, असं त्यांनी मुलीला लिहिलं. मग वर्गणीदार आटले. १७८९ मध्ये मैफलींसाठी त्याने यादी फिरवली तेव्हा तिच्यावर फान स्वीटन हे एकच नाव आलं. १७८६ नंतर त्याच्या हातून केवळ दोनच पियानो कॉन्चेर्टो लिहून झाले. भावनेची विहीर आटली नव्हती; ‘डॉन जोव्हानी’, ‘कोसी फान तुत्ते’, ‘द मॅजिक फ्लूट’ याच वर्षांतले. त्या एका रूपबंधामागचं सभागृह तेवढं नाहीसं झालं होतं.

आता सगळ्यात अवघड उदाहरण, बेथोव्हेन. त्याचं बहिरेपण हीच त्याच्या संगीताची किल्ली, असं आपण शाळेपासून ऐकतो. ६ ऑक्टोबर १८०२ रोजी हायलिगेनश्टाटला त्याने भावांसाठी एक पत्र लिहिलं. कान जात चालल्याचं दुःख आणि जीव देण्याचे येऊन गेलेले विचार त्यात आहेत. ते वाचून काळीज हलतं. पण त्याच वर्षी पुरी झालेली त्याची दुसरी सिंफनी डी मेजर या उजळ पट्टीत आहे आणि तिचा शेवट खट्याळ, उसळता आहे. बहिरेपणाची खरी खूण मला दुसरीकडे दिसते. बेथोव्हेनने पियानोचे पाच कॉन्चेर्टो पुरे केले आणि त्यांतला पाचवा १८०९ चा. १८११ मध्ये लायप्त्सिगला त्याचा पहिला जाहीर प्रयोग झाला तेव्हा पियानोवर दुसराच वादक होता. त्यानंतर तो पंधराएक वर्षं जगला, पियानोचे थोर सोनाटा आणि शेवटचे अद्भुत क्वार्टेट लिहिले, पण कॉन्चेर्टो एकही पुरा केला नाही. वाद्यवृंदासमोर बसून स्वतः वाजवणारा बेथोव्हेन उरला नव्हता, म्हणून तो रूपबंधही त्याच्या हातून गळाला.

आणि जिथे दारच बंद होतं, तिथे काय झालं? मोझार्टची थोरली बहीण मारिया आना, घरची नानर्ल, लहानपणी त्याच्याबरोबर युरोपभर वाजवत हिंडली होती. तिने केलेल्या एका गीताची मोझार्टने १७७० मध्ये पत्रातून मनापासून वाखाणणी केली. आज तिची एकही रचना उपलब्ध नाही. दरबारी पद, ऑपेराचं काम, स्वतःच्या नावावर वर्गणी, यांपैकी काहीच तिच्या वाट्याला येणार नव्हतं. संगीत भावनेतूनच सरळ उगवत असतं, तर दबलेल्या भावनेचा एवढा साठा असलेल्या बाईकडून आपल्याला काहीतरी मिळायलाच हवं होतं.

यावर कोणी म्हणेल, मग हे संगीत म्हणजे नुसता बाजार आणि नियम का? जी मायनर सिंफनी ऐकताना घशात जे दाटून येतं ते कुठून येतं? ते नियमातूनच येतं, आणि कसं ते जवळून बघण्यासारखं आहे. ज्याला पुढे ‘सोनाटा फॉर्म’ हे नाव मिळालं, त्या रचनेत एक धून घरच्या पट्टीत येते, दुसरी परक्या पट्टीत. मधल्या टप्प्यात या धुना तोडून, उलटवून, दूरच्या पट्ट्यांत फिरवल्या जातात. अखेर दोन्ही पुन्हा येतात, पण आता परकीलाही घरच्याच पट्टीत यावं लागतं. हायडन-मोझार्टपुढे याचं कुठलं पाठ्यपुस्तक नव्हतं. ऐकणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या कानांना झालेली ती सवय होती. ख्याल ऐकताना समेची ओढ आपल्याला जशी लागते, तशी त्या काळच्या श्रोत्याला घरच्या पट्टीची लागे.

जी मायनर सिंफनीत आधी व्हायोलांची अस्वस्थ साथ हलकेच सुरू होते आणि तिच्यावर व्हायोलिनांची ती खाली कलणारी, उसाशासारखी धून येते. दुसरी धून येते बी-फ्लॅट मेजरमध्ये : पट्टी उजळ, चाल मऊ, क्षणभर दिलासा. मधल्या टप्प्यात पहिली धून एकदम एफ-शार्प मायनरमध्ये, म्हणजे घरापासून फार लांब, फेकली जाते आणि झिजत झिजत तिचा तीन स्वरांचा तुकडा तेवढा उरतो. मग सगळं परत येतं आणि दिलासा देणारी ती दुसरी धून घरच्या पट्टीत येते. पण इथे घर आहे जी मायनर. तीच धून, तीच वळणं, पण प्रकाश गेलेला. मघाशी जो आधार वाटला होता तोच आता हरपल्याचा पुरावा होऊन समोर उभा राहतो. हायडनने पॅरिससाठी १७८५ साली लिहिलेली ८३ क्रमांकाची सिंफनीही जी मायनरचीच. पण परतीच्या वेळी तो वाट बदलून जी मेजरमध्ये शिरतो आणि पहिला खंड हसऱ्या चेहऱ्याने संपवतो. मोझार्टपुढेही ती वाट मोकळी होती, पण त्याने ती घेतली नाही. ही निवड कळण्यासाठी तेरेझियाच्या मृत्यूची तारीख माहीत असावी लागत नाही; ती दुसरी धून लक्षात ठेवावी लागते.

या सिंफनीची पहिली धून मराठी घरांतही पोचलेली आहे. सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातलं तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं द्वंद्वगीत तिच्यावरच बेतलं. तिथे ती मुखडा होते. दर अंतऱ्यानंतर ती जशीच्या तशी परतते आणि त्या परतण्याचंच सुख असतं. गीताची ती स्वतःची शोभा आहे. सिंफनीत त्याच स्वरांना दूर जावं लागतं, झिजावं लागतं. स्वर तेच असून अर्थ बदलला, कारण रूपबंध बदलला. भावना नुसत्या स्वरांतच साठवलेली असती, तर असं घडलं नसतं.

मोझार्टला हे पुरतं ठाऊक होतं. ‘सेरालमधून पलायन’ या ऑपेरातल्या संतापी ओस्मिनचं गाणं लिहिताना त्याने सप्टेंबर १७८१ मध्ये वडिलांना कळवलं, त्याचा मथितार्थ असा : रागाने बेभान झालेला माणूस सगळ्या मर्यादा ओलांडतो, पण संगीताने कानाला दुखवता कामा नये, त्याने संगीतच राहिलं पाहिजे, म्हणून मी मूळ पट्टीपासून हललो, पण फार परक्या पट्टीत गेलो नाही. हे ज्या वर्षी लिहिलं त्याच वर्षी आर्चबिशपच्या माणसाने लाथ मारून त्याला बाहेर काढलं होतं. संताप म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तरी कामाला बसल्यावर तो संतापाचं माप घेत होता.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं ऐकण्याशी निगडित आहे. सिंफनीतलं दुःख मोझार्टचं असेल, तर मी त्याच्या घरात डोकावणारा परका ठरतो. तेच दुःख रूपबंधात घडत असेल, तर ते ऐकताना माझ्या बाबतीत घडतं : आशा मला लागते, ती माझीच मोडते. चरित्रातून ऐकणारा कणवेपाशी थांबतो. रूपबंधातून ऐकणारा अनुभवापर्यंत जातो. आणि त्यासाठी पंडित असावं लागत नाही. आपले कॉन्चेर्टो जाणकारांना तृप्त करतील आणि अजाणांनाही, का ते न कळता, आनंद देतील, असं मोझार्टने १७८२ च्या डिसेंबरात लिहून ठेवलं आहे. एकच खंड तीनदा ऐकावा, दुसरी धून ओळखावी आणि ती परतताना काय होऊन परतते ते पाहावं. एवढ्याने दार उघडतं.

दुसरं कारण समाजाशी निगडित आहे. दुःखातून कला जन्मते, असं एकदा मानलं की कलावंताला उपाशी ठेवणं फारसं बोचत नाही. उलट त्याच्या हालांना आपण तेजोवलय चढवतो. पण या काळाचा इतिहास दुसरंच सांगतो. हायडनच्या शंभरावर सिंफनी आणि ६८ क्वार्टेट यांच्यामागे तीस वर्षांचा न चुकणारा पगार आणि बसलेला वाद्यवृंद होता. बेथोव्हेनला कासेलहून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा तो व्हिएन्नातच राहावा म्हणून १८०९ मध्ये आर्चड्यूक रुडॉल्फ, लोबकोविट्स आणि किन्स्की यांनी वर्षाला ४००० फ्लोरिनांचं वेतन बांधून दिलं. पुढे चलन घसरलं आणि ते वेतन अडखळत मिळालं, पण एका रचनाकाराला रोखून ठेवण्यासाठी तीन माणसं पुढे आली, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. त्यांतल्याच माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेली सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. बुद्धी होती, कौशल्य होतं, लतादीदी आणि मन्ना डे यांच्यासारखे गळे सोबतीला होते. त्या प्रयत्नामागे वर्षानुवर्षं उभी राहणारी संस्था नव्हती, म्हणून त्याची परंपरा झाली नाही.

नवा रूपबंध एकट्या माणसाच्या वेदनेतून उगवत नाही. त्याला तालमीसाठी एकत्र येणारे वादक लागतात, चूक करून पुन्हा वाजवायची मुभा लागते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणारा, मागचं आठवणारा श्रोता लागतो. हायडनच्या धन्याने हे स्वतःच्या हौसेपोटी पुरवलं, लंडनच्या लोकांनी तिकीट काढून पुरवलं. आपल्या शहरांत ते कोण पुरवणार, हे आपल्याला ठरवावं लागेल. कलावंतांच्या हालअपेष्टांवर लिहिण्या-बोलण्यात आपण जी माया खर्च करतो, तिचा मोठा वाटा त्यांच्या तालमींकडे, पगारांकडे आणि आपल्या स्वतःच्या कानांच्या तयारीकडे वळवला पाहिजे.